सम्राट पुढं का जाईना

सम्राट अजूनही मागंच होता.

आनंदरावांनी वळून बघितलं नाही. वळून बघणाऱ्याचा निम्मा दम तिथंच जातो, असं त्यांनीच 'दमदार शिरूर' ग्रुपवर लिहिलं होतं. पण बुटांचा आवाज येत होता. चप् चप्, संथ, बिनघाईचा. शर्यतीत पाटस गाव सोडल्यापासून तो आवाज त्यांच्या मानेवर बसला होता.

आनंदराव शिरूरला ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवत आणि उरलेल्या वेळात गावाला धावायला आणि कडे चढायला शिकवत. आसपास चढण्यासारखं काही नसल्यामुळे ग्रुपचा चढाईचा सराव उड्डाणपुलावर चाले. काय खावं, पाणी कधी प्यावं, कड्यावर कुणाचा दोर धरावा आणि कुणाचा मुळीच धरू नये, यावर सर रोज सकाळी लिहीत. त्यांचा एक नियम फार कडक होता. धावताना बोलायचं नाही. बोललात की दम गेला.

सम्राट त्याच ग्रुपातला. सणसवाडीच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. पाय लांब, जीभ त्याहून लांब. एकदा त्यानं ग्रुपवर टाकलं, 'सर, तुमचं वाचून व्हईस्तवर माझं धावून झालं.' निम्म्या ग्रुपनं हसरे चेहरे चिकटवले. आनंदरावांनी लगेच जाहीर केलं, दौंडच्या हाफ मॅरेथॉनला सम्राट माझ्याआधी पोचला तर ग्रुपचा ॲडमिन तो. सम्राटनं उत्तरादाखल नुसते जोडलेले हात टाकले.

ग्रुप गेला तर सकाळी उठून करायचं काय, या प्रश्नानं आनंदरावांची झोप उडाली होती. घरी बायको, सीमा, त्यांचा सल्ला ऐकत नसे, वर्गात पोरं ऐकत नसत. ऐकणारी जागा ती एकच.

सुरुवातीला त्यांनी सगळ्यांना पुढं जाऊ दिलं होतं. तो डाव होता. पोरं पहिल्याच दमात सुटतात आणि मग कडेला बसतात, असं त्यांचं शास्त्र. कालव्याच्या रस्त्याला शास्त्र खरं ठरत गेलं. मोरीच्या कठड्यावर एक जण बूट काढून बसला होता आणि फोनवर कुणाला तरी गाडी घेऊन बोलवत होता. पुढं दोघी जणी उसाच्या ट्रॅक्टरला हात करत होत्या. आनंदराव एकेकाला मागं टाकत गेले. सम्राट तेवढा हटत नव्हता.

"जा की पुढं," शेवटी ते म्हणाले. नियम पहिल्यांदा त्यांनीच मोडला.

"न्हाई सर. तुमच्याच चालीनं बरं हाय."

"माझ्या आडोशाला वारा चुकवतोयस."

"आडोसा मोठा हाय, सर."

आनंदरावांनी पोट आत घेतलं. ते फार वेळ आत राहिलं नाही.

ते हळू झाले. मागचा आवाजही हळू झाला. ते लेस बांधायला वाकले. सम्राट थांबला आणि उसाकडं बघत राहिला. लेस सुटलेली नव्हतीच.

आता डाव उघड दिसत होता. सगळा वारा आनंदरावांनी खायचा आणि मैदान दिसलं की यानं सुटायचं. हे नीतीत बसत नाही. दुसऱ्याच्या दोरावर चढून शिखरावर आपलं नाव सांगण्यातलाच प्रकार. यावर उद्या सविस्तर लिहायचं त्यांनी ठरवलं. मग आठवलं, उद्या लिहायला ग्रुप असेल की नाही कुणास ठाऊक. पावलं जोरात पडू लागली.

"सर, एक सांगायचं व्हतं."

"बोलायचं नाही."

"तसं न्हाई, तुम्ही ग्रुपवर ती पैज लावली व्हती ना, त्याचं..."

"लाइनीच्या पलीकडं बोलू. अलीकडं दम जातो."

"बरं," सम्राट म्हणाला. "तुमचा जाऊ नये."

पाण्याच्या टेबलावरच्या पोरींनी केळ्यांची अख्खी फणी पुढं केली. "घ्या काका, सगळी घ्या." आनंदरावांनी एकच घेतलं. 'काका' त्यांना खटकलं. चौकातला हवालदार मात्र त्यांना बघून खुर्चीवरून उठला. आनंदरावांनी धावता धावता नमस्कार केला. या भागात शिक्षकाला अजून मान आहे.

रेल्वेपुलाचा चढ लागला. हे त्यांचं माहेर. तरी छातीत भाता चालू झाला, आणि मागं सम्राट शीळ घालत होता.

मैदानाचं फाटक दिसलं आणि आनंदराव सुटले. दात, कोपर, पोट, सगळं पुढं. एकदा मागची पावलं अगदी खांद्याशी आली आणि तिथंच राहिली. पांढऱ्या रेषेवरून आनंदराव छाती काढून गेले. मागोमाग सम्राट आला, घरचा उंबरा ओलांडावा तसा.

शर्यत भरवणारी गौतमी टाळ्या वाजवत पुढं आली. तिनं त्यांच्या गळ्यात पदक घातलं. "कमाल केली सर. तुमचीच वाट बघत होते."

आनंदराव गुडघ्यांवर हात टेकून उभे होते. बोट तेवढं वर गेलं. "ग्रुप... माझ्याकडंच."

"तुमच्याकडंच, सर. मला कुठं रोज सकाळी लिव्हायला जमतंय?"

"बोल आता. काय सांगायचं होतं?"

सम्राटनं गौतमीकडं बघितलं, मग त्यांच्याकडं. "ऱ्हाऊ द्या. झालं आता."

हार मानायलाही मन मोठं लागतं, यावर एक लेख होईल, असं आनंदरावांना वाटलं. त्यांनी पोराचा खांदा थोपटला.

सम्राट पाणी आणायला वळला. पाटसपासून पहिल्यांदाच आनंदरावांना त्याची पाठ दिसली. संयोजकांनी दिलेल्या केशरी टी-शर्टवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत छापलं होतं : शेवटचा धावपटू माझ्या पुढे आहे.