उलटा भोवरा

आई गेल्यापासून माझ्या डोक्यावरून हात फिरवणारा एकच माणूस उरला होता, कोपऱ्यावरचा सलूनवाला.

दोन महिन्यांचं रान डोक्यावर घेऊन गेलो, तर तो चक्रावलाच. "सर, परवाच तर कापले होते! इतक्यात एवढे वाढले?" पाणी मारता मारता तो थबकला. "आणि हा भोवरा… परवा डावीकडे फिरत होता."

गर्भ दहाव्या दिवसाच्या आसपास दुभंगला, तर जुळ्यांचे भोवरे एकमेकांच्या उलट फिरू शकतात, हे मीच दरवर्षी वर्गात शिकवतो. पण मी तर एकुलता एक.

"परवा मी काही बोललो का?" मी विचारलं.

आरशातून माझ्याकडे बघत त्याने पाण्याची बाटली खाली ठेवली.

"जाताना तुम्ही मलाच विचारलंत, 'आई कशी आहे?'"