तीन मिनिटांची साक्ष

“सासऱ्यापासून नको, वेणूबाई. थेट रस्त्यापासून सुरू करा.”

“सासऱ्याची जमीन गेली म्हनून तर रस्ता झाला गो,” वेणूबाई म्हणाल्या. “मंग त्याला कुठं ठेवू?”

जासईच्या समाजमंदिरात बायका हसल्या. त्यांना साक्ष द्यायला शिकवणारी मैत्री हसली नाही. उद्या सुनावणी होती. कंटेनर यार्डाबाहेर रस्ता अडवून उभे राहणारे ट्रेलर शेजारच्या मोकळ्या भूखंडावर हलवायचे की नाही, याचा निर्णय प्रांतसाहेब उद्या देणार होते. सात वर्षं निवेदनं दिली, एकाचंही उत्तर आलं नाही. निवेदन कुणी वाचत नाही, गोष्ट मात्र ऐकतात, हे मैत्री एका शिबिरात शिकून आली होती. आणि शिबिरात शिकलेल्यावर माणसाचा जरा जास्तच विश्वास बसतो. माणशी तीन मिनिटं. ओळखपाळख नाही, नातीगोती नाहीत. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं.

उलव्याहून आलेली जाहिदा उठली. “त्या दिवशी आमचे हे, शोएबचे अब्बा, सकाळपास्नं...”

“अब्बा नकोत, जाहिदाभाभी. ॲम्ब्युलन्सपासून.”

जाहिदानं ओढणी सावरली. मग ॲम्ब्युलन्सपासून सांगितलं. ऐकताना वेणूबाईंनीसुद्धा पदर डोळ्यांना लावला. मैत्रीनं वहीत तिच्या नावापुढे ‘शेवटी’ असं लिहिलं. हुकमाचं पान आधी टाकायचं नसतं, एवढा हिशेब तिला कळत होता.

सुनावणीत वेणूबाईंनी सासऱ्याला आणलंच. साहेबांनी जांभई गिळली, घड्याळ पाहिलं. मग जाहिदा उभी राहिली.

“सायरन वाजत होता, साहेब. आरशात लाल दिवा फिरत होता. ट्रेलर हलणार कसा? ड्रायव्हर जागेवर नाही. लघवीला आडोसा शोधत लांब गेलेला, चावी त्याच्या खिशात. मी हाका मारून मारून घसा फोडला. ॲम्ब्युलन्समधल्या म्हाताऱ्या बाबांची सून काच बडवत होती. पंचवीस मिनिटं!”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “आणि बाबा?”

“वाचले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन पाहिलं. उठून बसले होते, पेज पीत होते.”

अख्ख्या हॉलनं श्वास सोडला. साहेबांनी तिथल्या तिथं आदेश सांगितला. सोमवारपासून सगळे ट्रेलर भूखंडावर, आणि तिथं ड्रायव्हरांसाठी संडास आणि पाणी. वेणूबाईंनी मैत्रीच्या पाठीत असा धपाटा घातला की तिच्या हातातली वही पडली. पडू दे, म्हटलं तिनं.

कारकुनानं साक्षीचा कागद पुढे ओढला. “बाई, पेशंटचं नि तुमचं नातं काय लिहू?”

“काहीच नाही.” कितीतरी दिवसांनी जाहिदा मोकळं हसली. “बरं झालं, कुणीतरी विचारलंत. मी त्याच ट्रेलरच्या केबिनमध्ये बसले होते. ट्रेलर शोएबच्या अब्बांचा, चावी त्यांच्याच खिशात होती.”