बारा पायलट

कॅप्टन विश्वंभर मूळचे डोंगरकड्याचे. विमान चालवण्याच्या नोकरीतून सुट्टी मिळाली की ते गावी येत आणि दहावीच्या बारा लेकरांना गणित-विज्ञान शिकवत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "कोणाला काय व्हायचंय?" बाराही जण एका सुरात म्हणाले होते, "पायलट!"

या खेपेला जान्हवी दोन दिवस वर्गाला आलीच नाही. कॅप्टन तिच्या घरी गेले.

"काहून येऊन नाही राहिली, बाई?"

जान्हवीला रडू फुटलं. "सर, मला पायलट न्हाई व्हायचं. जनावरांची डॉक्टर व्हायचंय. पर तुमी एवढ्या लांबून येता, तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई."

कॅप्टन परतले. दुसऱ्या दिवशी ते वर्गाला म्हणाले, "मी येत राहीन, शिकवत राहीन. पण खरं सांगा, कोणाकोणाला पायलट व्हायचं न्हाई?"

आधी जान्हवीचा हात वर झाला. मग दबकत दुसरा, तिसरा. बघता बघता अकरा हात वर. एकट्या रुद्रचा तेवढा खाली. पोरं धास्तावून सरांकडे बघू लागली.

कॅप्टन मटकन बाकावर बसले आणि हसायलाच लागले.

"हुश्श! अरे, एका लेकराला विमानापर्यंत पोचवायचं बळ आहे माझ्यात. बाराजणांना कसं पोचवावं, या घोरानं वर्षभर मीच तुमच्यासमोर यायला भीत होतो."