पुस्तकात आहे तसंच

“पुस्तकात आहे तसंच,” ललिताबाई म्हणाल्या आणि गोरक्षने डोक्याला हात लावला.

हे वाक्य तो वर्षभर ऐकत होता. एकेकाळी तो बाईंचा विद्यार्थी. आता दिग्दर्शक झाला होता आणि पहिलाच सिनेमा बाईंच्या पुस्तकावर काढत होता. बाईंनी त्याला सळो की पळो करून सोडलं. पुस्तकातली शेळी तांबडी, म्हणून आणलेली पांढरी शेळी परत गेली. पुस्तकात उंबर, म्हणून आंब्याखाली लावलेला कॅमेरा उचलून सगळे डोंगर चढले. गोरक्षने निमूट ऐकलं. पण आज तो अडून बसला होता.

वाद आवाजाचा होता. गोष्टीतल्या मुलीचं काम करणारी यमुना पेठकडच्या पाड्यावरची. तिचं बोलणं सगळं हाय-नाय, आणि तेही खणखणीत ओरडून. पुस्तकातली मुलगी मात्र शुद्ध बोलायची. म्हणून बाईंनी नाशिक रोडच्या या डबिंगच्या खोलीत स्नेहल नावाची शहरातली मुलगी आणवली आणि सगळे संवाद तिच्याकडून म्हणवून घेतले.

“बाई, यमुनाचाच आवाज राहू द्या ना. त्यात जीव आहे.”

“आणि तिला सगळे हसले की?”

बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. डोंगरातल्या त्या पोरीला कुणी हसू नये, एवढंच त्यांना वाटायचं.

गोष्ट मुळात यमुनाच्या आजीची, चिमणाबाईंची. लहानपणी त्या हरवलेली गाभण शेळी शोधायला रानात गेल्या. शेळी सापडली ती व्यायला टेकलेली. तिला हलवता येईना, आणि अंधार पडल्यावर बिबट्या घिरट्या घालू लागला. तर ही एवढीशी पोर उजाडेपर्यंत मोठमोठ्याने बोलत राहिली. शेळीशी बोलली, उंबराशी बोलली, बिबट्याला तर नाही नाही त्या शिव्या घातल्या. बिबट्या काही जवळ आला नाही. तरुणपणी ललिताबाई त्या पाड्यावर शिकवायला होत्या, तेव्हा चिमणाबाईंच्या चुलीपाशी बसून त्यांनी ही गोष्ट ऐकली होती. पुढे पुस्तक केलं आणि ते चिमणाबाईंनाच अर्पण केलं. पण चिमणाबाईंना वाचता येत नव्हतं, आणि आता तर डोळेही गेले होते.

आज बाईंनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. आपण त्यांच्या गोष्टीचं किती सोनं केलं, ते एकदा तरी त्यांच्या कानावर पडावं, ही बाईंची फार दिवसांची इच्छा.

“काही सांगू नकोस हं,” त्यांनी यमुनाला बजावलं. “आजीला आपलं आपण ओळखू दे.”

बिबट्याचा प्रसंग सुरू झाला. रातकिडे किरकिरले. शेळी कण्हली. झुडपात गुरगुर झाली तशी चिमणाबाईंनी यमुनाचं मनगट घट्ट धरलं. मग पडद्यावरची मुलगी बोलू लागली.

“बिबट्या, तू इथून निघून जा. माझ्या शेळीला त्रास देऊ नकोस.”

चिमणाबाई कान देऊन ऐकत होत्या. मान थोडी पुढे काढून त्या कशाची तरी वाट पाहत राहिल्या. मुलगी गोड आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलत होती. प्रसंग संपला, दिवे लागले.

बाई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. “कसं वाटलं, चिमणाबाई?”

“ब्येस हाय, बाई.” चिमणाबाई जरा घुटमळल्या. “पन त्या पोरीचं लय वाईट वाटलं. कोनाची होती वो?”

यमुनाने बाईंकडे पाहिलं.

“का? वाईट का वाटलं?” गोरक्षने विचारलं.

“अशी हळूहळू बोलत होती, पावन्याशी बोलल्यावानी. खाल्ली असंल ना तिला बिबट्यानं?”

कुणी हसलं नाही. बाईंच्या मांडीवर पुस्तक होतं. ते त्यांनी मिटलं.

“गोरक्ष,” त्या म्हणाल्या, “यमुनाला माइकसमोर उभं कर. आणि तिच्या हातात पुस्तक देऊ नकोस.”