उलटतपासणी

"नक्की?" सासऱ्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, आणि सुनेची पेन्सिल कागदावर थांबली.

मुलाखत दुपारी होती. सकाळच्या कामांचा पसारा तसाच टाकून दोघं जेवणाच्या टेबलाशी बसले होते. एका बाजूला ती आणि तिचा कागद, दुसऱ्या बाजूला सासरे आणि उत्तरांचं पुस्तक. फोन तिच्या कोपराशी होता. त्यात एक मेल लिहून तयार होता: प्रकृती बरी नसल्याने आज येऊ शकत नाही, क्षमस्व. पाठवायचा तेवढा बाकी होता. मुलाखत तिने आधी एकदा पुढे ढकलली होती, आणि कंपनीच्या बाईंनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं होतं की आता पुन्हा नाही. हा मेल गेला की विषय संपला. मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडली, मग वर्षांमागून वर्षं घरात गेली, आणि आता कुठे एका जागेहून बोलावणं आलं होतं.

सल्लागार कंपन्यांची मुलाखतीची रीतच जीवघेणी. तुमचे छंद काय, यात त्यांना काडीचा रस नसतो. समोरचा माणूस एखाद्या धंद्याचं दुखणं सांगतो, आणि तुम्ही तिथल्या तिथे, मोठ्याने विचार करत, त्यावर इलाज सांगायचा. याला केस म्हणतात. ही परीक्षा पार केलेल्या एका मैत्रिणीने तिला पुस्तक दिलं होतं आणि दोन गोष्टी बजावल्या होत्या. उत्तरं स्वतः उघडून बघायची नाहीत, नाहीतर ती पाठ होतात; कुणाला तरी समोर बसवायचं. आणि भीती गेली की समजायचं, तयारी झाली.

नवरा कामासाठी बाहेरगावी. समोर बसायला घरात उरले सासरे. सारा जन्म कोर्टात वकिली केलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून उलटतपासणी घ्यायला कुणी सापडत नव्हतं, ते आयतंच घरात सापडलं. ते हौसेने बसू लागले. केस वाचायचे, तिचं सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी एवढंच म्हणायचे, "नक्की?"

त्या एका शब्दाने ती डगमगायची. एवढा मुरलेला माणूस विचारतोय म्हणजे आपलं काहीतरी चुकलंच असणार, असं धरून ती घाईघाईने उत्तर बदलायची. मग ते पुस्तकात बघायचे आणि शांतपणे म्हणायचे, "चूक." साबणाचा कारखाना चुकला. टॅक्सीवाले चुकले. चष्म्याची दुकानंही चुकली. भीती जायची राहिली बाजूला, ती रोज थोडी थोडी अंगात भिनत चालली होती. कपडे वाळत घालतानासुद्धा तिच्या कानात तो "चूक" वाजायचा. असल्या तयारीने तिथे जाऊन हसं करून घेण्यापेक्षा न गेलेलं बरं, असं तिने आज सकाळी उठल्या उठल्या ठरवलं होतं. शेवटची म्हणून एक केस घ्या, एवढंच ती सासऱ्यांना म्हणाली होती. मेलचं बोलली नव्हती.

केस निघाली एका व्यायामशाळेची. सभासद वाढतायत, तरी मालक तोट्यात. त्याने दुसरी शाखा उघडावी का? तिने कागदावर हिशेब मांडला. गर्दी ओढायच्या नादात मालकाने फी इतकी उतरवली होती की प्रत्येक सभासदाकडून तीनशे यायचे आणि त्याच्यावर चारशे खर्च व्हायचे. शाखा उघडू नये, ती म्हणाली, आधी फी सुधारावी. नाहीतर जितकी माणसं जास्त तितका खड्डा मोठा.

त्यावरच सासऱ्यांचा तो "नक्की?" आला होता.

तिने मान खाली घातली. उघडावी शाखा, असं म्हणून मोकळं व्हावं. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण उत्तर बदलायचं तर काहीतरी कारण द्यायला हवं, म्हणून ते शोधायला ती आकड्यांवरून पुन्हा एकदा फिरली. तीनशे येतात, चारशे जातात. पुन्हा पाहिलं. छाती धडधडत होती, कानशिलं तापली होती, पण तीनशेचे काही केल्या चारशे होईनात.

"नाही बाबा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "शाखा उघडू नये. तुमच्या पुस्तकात दुसरं काही लिहिलं असेल, तर पुस्तक चुकलंय."

बोलून गेली आणि मग आपण काय बोललो ते तिला कळलं. या घरात आल्यापासून तिने बाबांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. सासरे तिच्याकडे एकटक बघत राहिले. संपलं, तिला वाटलं. नोकरी तर गेलीच, घरातली किंमतही गेली. तिने फोन ओढला, मेल उघडला आणि अंगठा बटणावर नेला.

सासऱ्यांनी पुस्तक मिटलं. टेबलावरून वाकून त्यांनी तो फोन तिच्या हातातून अलगद काढून घेतला, मेल वाचला आणि फोन पालथा ठेवला.

"ऊठ, आवर. मी सोडायला येतो."

"पण बाबा, मला अजून तितकीच भीती वाटतेय. हे हात बघा माझे."

"माझे शेवटच्या खटल्यापर्यंत कापायचे," ते म्हणाले. "तुझं पहिलं उत्तर कितीतरी दिवसांपासून बरोबर येतंय. मी चूक म्हणायचो ते तू बदललेल्या उत्तराला. आज पहिल्यांदा तू साक्ष फिरवली नाहीस."