धनसिंगचा कोयता

"बन्सीलालना कोयता!"

पंडित मुकादमाने हाक मारली तशी बन्सीलाल आणि त्याची बायको ट्रकवर चढली. ऊसतोडीला निघायचं म्हटलं की मुकादमाच्या लेखी नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं मोजायची ती हत्यारावर. नाव नवऱ्याचं, मोळी बायकोच्या डोक्यावर, आणि याला म्हणायचं रीत.

"नवलना कोयता!"

नवल चढला. मागून त्याची बायको दिपमाला चढली, एका हातात वळकटी, दुसऱ्या हाताने पदर सावरत.

खाली उरल्या तानुबाई आणि हिरकणबाई. तानुबाईचा नवरा धनसिंग पोळ्याच्या आधीच वारला. हिरकणबाईला नवऱ्याने टाकलेलं. एकट्या बाईला मुकादम नेत नाही, म्हणून दोघींनी मिळून एक कोयता व्हायचं ठरवलं. "तुम्ही दोन्हीमा गडी कोन शे?" असं विचारून पंडित आधी पोटभर हसला. मग लई विनवण्या झाल्यावर राजी झाला.

आता त्याने घसा खाकरला. "धनसिंगना कोयता!"

हिरकणबाई लगबगीने पुढे झाली. तानुबाई जागची हलली नाही.

"चढ ना, तानुबाई. तुलेच बोलावस," पंडित म्हणाला.

"माले कोठे? तू ते धनसिंगले बोलावस."

"नाव गडीनंच ऱ्हास. रीत शे."

"मंग त्यालेच चढाव, पंडितभाऊ. तो मसनमा शे."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. हिरकणबाईने तिचा दंड दाबला. "अवं, नाववर पोट भरस का? हंगाम गया ते खासूत काय?"

खोटं नव्हतं ते. चाळीसगावच्या बाजारात कामाला कुत्रं विचारत नव्हतं. तरी तानुबाई बोललीच.

"मनं नाव ले. मंग चढसू."

पंडितने ट्रककडे पाहिलं. आपण हसलो तसं कोणीतरी हसेल असं त्याला वाटलं असावं. कोणी हसलं नाही. दाटीवाटीने बसलेल्या बायका आपापल्या कोयत्याकडे बघत होत्या. त्यांच्यातून एक जण उठली.

"भाऊ, मालेबी परत बोलाव. मनं नाव दिपमाला शे."

"खाले बठ!" नवल दातओठ खात म्हणाला.

ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. नवलने तिला पदर धरून खाली ओढू पाहिलं. डोक्यावरचा पदर त्याच्या हातात आला. ती उभीच होती.