उलटा घड

१९८८ साली जळगावच्या होस्टेलच्या गच्चीवर, चित्रकला शिक्षिका व्हायला निघालेल्या आम्हा चौघींचा नियम होता: मैत्रिणीच्या चित्राला ‘छान’ म्हणायचं नाही, चूक शोधून तिच्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढायचा आणि गोल पडलेल्या चित्रावर सही करायची नाही. मी सोनगीरची. केळी पाहिलेली ती हातगाडीवर दोरीला लोंबणारी, टोकं खाली. झाडावरही तशीच रंगवली. फैजपूरच्या केळीबागेत वाढलेली द्रौपदा पोट धरून हसली. “काय वं, तुह्या गावाले केयी उलटी लागते का?” आणि तिनं अख्ख्या घडाभोवती गोल काढला. झाडावर केळी आभाळाकडे वळतात, हे मला तेव्हा कळलं. मग दर रविवारी तिच्या बागेत जाऊन बसले. चिकाच्या डागांनी दोन ड्रेस बाद झाले, तरी गोल काही चुकेनात: देठ जाड, सावली मेलेली, पान पुठ्ठ्याचं. एकदा मी चिडून कागद टराटरा फाडला, तर तिनं गुपचूप दुसरा पुढं सरकवला. बाकी तिघींच्या सह्या झाल्या, माझा कोपरा कोराच. मार्चमध्ये मी एक घड रंगवून कठड्याला टेकवला. द्रौपदानं तो जवळून पाहिला, लांबून पाहिला, उलटा धरूनसुद्धा पाहिला. मला राहवेना. “चूक शे का?” “हाये ना, एक,” म्हणत तिनं खालच्या मोकळ्या कोपऱ्यात गोल काढला. “इथं तर काहीच नही!” मी जवळजवळ ओरडलेच. “तेच त!” लाल पेन्सिल माझ्या हातात कोंबत ती म्हणाली, “सही काय आता मी करू?”